.३०८ विंचेस्टर आणि वीस इंची नळी : चार हंगामांनंतरचा अभिप्राय

ही रायफल माझ्याकडे येऊन चार हंगाम झाले. ती बोल्ट पद्धतीची (म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खिटी मागेपुढे करावी लागते अशी), .३०८ विंचेस्टर काडतुसाची, २० इंच म्हणजे ५०८ मिलिमीटर लांबीच्या नळीची आहे. नळीच्या तोंडाशी सायलेन्सरसाठी आटे पाडलेले आहेत आणि दुर्बिणीशिवाय तिचे वजन जेमतेम तीन किलो भरते. याच मापाची रायफल अनेक कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः कॅलिबर (ढोबळपणे, काडतुसाचा प्रकार) आणि नळीची लांबी या दोन निवडींविषयी आहे, म्हणून कंपनीचे नाव बाजूला ठेवतो. शिकारीला जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे पहिली रायफल घेऊ पाहणारा माणूस बहुधा याच दोन प्रश्नांपाशी अडतो, आणि त्याला मिळणारे सल्ले वेग आणि पल्ला यांच्यापलीकडे क्वचितच जातात. मीही असेच सल्ले ऐकून पहिली रायफल घेतली होती.

ती .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे बंदुकीची दारू जास्त भरलेल्या जोरदार काडतुसाची, होती, २६ इंची नळीची. १९६३ साली आलेले हे काडतूस १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीचे वजन सांगायचे छोटे माप) गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सोडते आणि कागदावरचे त्याचे आकडे कोणालाही भुरळ घालतील असेच आहेत. सहा हंगाम मी ती वापरली. सहाव्या हंगामात नव्वद मीटरवर आडव्या उभ्या असलेल्या हरिणावर, रायफल टेकवायला चांगली जागा असताना, माझी गोळी खांद्यामागे लागायच्या ऐवजी पोटात लागली. माग काढणारा कुत्रा बोलवावा लागला. जनावर सापडेपर्यंत पाच तास गेले आणि सापडले तेव्हाही ते जिवंत होते. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही आणि विसरू इच्छितही नाही.

दुर्बीण हलली असावी अशी समजूत करून घेऊन मी दुसऱ्याच दिवशी रेंजवर गेलो. तिथल्या प्रशिक्षकांनी दुर्बिणीला हात लावला नाही. "काडतुसे मी भरतो, तुम्ही फक्त चाप ओढा," असे सांगून ते एकेक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, सरकवू लागले. चौथ्या वेळी चाप ओढला तेव्हा नुसतेच 'टक्' झाले, कारण ते काडतूस नकली होते. पण बार झालेला नसतानाही नळीचे तोंड चांगले चार बोटे खाली गेले. माझे डोळेही मिटले होते, हे त्यांनी सांगितल्यावर मला कळले. सहा हंगामांत माझ्या शरीराने धक्क्याची वाट पाहायला शिकून घेतले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

धक्क्याचे गणित अवघड नाही. गोळीचे आणि तिच्यामागून बाहेर पडणाऱ्या वायूचे संवेग एकत्र केले की तेवढाच संवेग उलट दिशेने रायफलीला मिळतो, आणि रायफल जितकी हलकी तितकी ती खांद्यावर वेगाने येते. दुर्बिणीसह साधारण साडेतीन किलोंची रायफल धरली तर .२४३ विंचेस्टरचा धक्का सुमारे १२ ज्यूल, .३०८ चा २३ च्या आसपास, .३०-०६ चा ३० च्या जवळ आणि .३०० मॅग्नमचा ४० ज्यूलच्या घरात जातो. म्हणजे .३०८ वरून मॅग्नमवर जाताना धक्का पावणेदोन पट होतो. काही माणसे तो सहज पेलतात. मला तो पेलत नव्हता आणि नकली काडतुसाने ते उघड केले. कोणत्याही कॅलिबरविषयी मत बनवण्याआधी ही चाचणी प्रत्येकाने करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. तिला एक नकली काडतूस, एक सोबती आणि दहा मिनिटे एवढेच लागते.

यानंतर मी माझी नोंदवही उघडली. सहा हंगामांत जनावरावर झाडलेल्या एकोणीस गोळ्यांची तीत नोंद होती. त्यांपैकी पंधरा १२० मीटरच्या आतल्या होत्या आणि सर्वांत लांबची २१५ मीटरवरची होती. मी ज्या पल्ल्यासाठी २६ इंची मॅग्नम वागवत होतो तो पल्ला माझ्या जंगलात नव्हताच. तिथे होती दाट झाडी, अरुंद पायवाटा आणि उंचावर बांधलेली छोटी मचाणे.

आता कॅलिबरविषयी. हा शब्द आपण सैलपणे वापरतो. काटेकोरपणे पाहिले तर तो नळीच्या आणि गोळीच्या व्यासाशी निगडित आहे, आणि .३०८ म्हणजे इंचाचे हजारातील ३०८ भाग, अर्थात ७.८२ मिलिमीटर. हाच व्यास १८९५ च्या .३०-३० विंचेस्टरच्या गोळीचा आहे, १९०६ च्या .३०-०६ स्प्रिंगफील्डच्या गोळीचा आहे आणि .३०० मॅग्नमच्या गोळीचाही आहे. वेगळे असते ते काडतुसाचे पितळी कवच म्हणजे केस, त्यात मावणारी दारू आणि त्यातून तयार होणारा दाब. १९५२ साली .३०८ विंचेस्टर आले तेव्हा दारू इतकी सुधारली होती की ६३ मिलिमीटर लांबीच्या .३०-०६ च्या केसमधून जे काम होत असे ते ५१ मिलिमीटरच्या केसमधून जवळपास तसेच होऊ लागले. १८० ग्रेनच्या गोळीच्या वेगात या दोघांमध्ये सेकंदाला २५ मीटरच्या आसपास फरक उरतो. केस आखूड असल्याने बोल्टचा प्रवासही आखूड होतो, रायफलीची मधली चौकट लहान होते आणि थोडे वजनही वाचते.

याच केसचे तोंड आवळून १९५५ साली .२४३ विंचेस्टर आणि १९८० साली ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन ही काडतुसे बाजारात आली. मी दोन्हींचा विचार केला. .२४३ झाडायला इतके सौम्य आहे की नवशिक्याचा हात त्यावर लवकर बसतो, आणि लहान हरिणांसाठी मी आजही तेच सुचवेन. पण माझ्याकडे रानडुकरेही असतात, आणि जाड कातडी व खांद्याचे हाड यांच्यामागे पोचायला १०० ग्रेनच्या गोळीवर विसंबायची माझी तयारी नव्हती. ७ मिलिमीटर-०८ ने माझे काम निश्चित झाले असते. त्याची काडतुसे प्रत्येक ठिकाणी आणि प्रत्येक वजनात मिळत नाहीत, हे एकच कारण त्याच्या आड आले. हे कारण क्षुल्लक नाही. रायफलीला मानवणारे काडतूस सापडल्यावर ते पुढचा हंगामभर मिळत राहिले नाही, तर सगळी खटपट पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

६.५ क्रीडमूरचा मोह सर्वांत मोठा होता. २००७ साली हॉर्नडीने आणलेले हे काडतूस १४३ ग्रेनची लांब, सडपातळ गोळी सेकंदाला सुमारे ८२३ मीटर वेगाने सोडते. ती गोळी हवेत वेग टिकवून ठेवते, वाऱ्याने कमी वाहवत जाते आणि धक्का.३०८ पेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी असतो. या व्यासाच्या गोळीला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण स्कँडिनेव्हियात ६.५×५५ या जुन्या काडतुसाने शंभराहून अधिक वर्षे मूससारख्या धिप्पाड जनावरांची शिकार होत आली आहे. माझे रान उघडे असते आणि गोळ्या अडीचशे-तीनशे मीटरवर झाडाव्या लागत असत्या तर मी क्रीडमूरच घेतले असते, तेही २४ इंची नळीत. मला मात्र आखूड नळी हवी होती, आणि आखूड नळीत .३०८ ची बाजू उजवी ठरते: दारूच्या मानाने नळीचे छिद्र रुंद असल्यामुळे वायू लवकर प्रसरण पावतो आणि गोळीला द्यायचे बहुतेक काम तो पहिल्या अठरा-वीस इंचांतच देऊन टाकतो.

मग प्रश्न आला नळीचा, आणि याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. लांब नळी अधिक अचूक असते, हे मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की काही काळ मलाही ते खरे वाटत होते. साध्या लोखंडी माशीवरून नेम धरायचा असेल तर त्यात तथ्य आहे, कारण मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातले अंतर वाढले की नेमातली चूक कमी होते. दुर्बीण बसवली की हा मुद्दा संपतो. उलट, जाडी तीच ठेवून नळी आखूड केली तर ती अधिक ताठ होते. एका टोकाशी धरलेल्या दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून २४ इंची नळी तेवढ्याच जोराने २० इंची नळीपेक्षा सुमारे पावणेदोन पट वाकते.

आखूड नळीने जाते तो वेग. .३०८ मध्ये नळीचा एक इंच कमी झाला की सेकंदाला साधारण ६ ते ८ मीटर वेग कमी होतो. माझ्या १६५ ग्रेनच्या काडतुसांच्या खोक्यावर ८२३ मीटर प्रति सेकंद असा वेग छापलेला आहे आणि तो २४ इंची चाचणी नळीतला आहे. खोक्यावरचा आकडा स्वतःच्या रायफलीचा समजू नये, ही गोष्ट मी फार उशिरा शिकलो. माझ्या रायफलीतून दहा गोळ्या वेगमापकावरून झाडल्या तेव्हा सरासरी ७९७ आली. ऊर्जेच्या भाषेत तोंडाशी ३,६२० ज्यूलऐवजी ३,४०० ज्यूल. शंभर मीटरवर त्यातले २,८०० च्या आसपास उरतात; तुलनेसाठी सांगतो, जर्मनीच्या शिकार कायद्यात लहान रो हरिण वगळता इतर मोठ्या खुरी जनावरांसाठी त्या अंतरावर किमान २,००० ज्यूल आणि किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर अशी अट आहे. गोळीच्या घसरणीतला फरकही किरकोळ आहे. नेम १०० मीटरवर बांधला, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या जागी लागेल अशी दुर्बीण लावून घेतली, तर २०० मीटरवर माझी गोळी २४ इंची नळीतल्या गोळीपेक्षा जेमतेम दीड सेंटिमीटर अधिक खाली जाते. खरे सांगायचे तर झाडाला टेकून नेम धरताना माझा हात त्याहून जास्त हलतो.

वेग गमावण्याची एक बाजू मात्र गंभीरपणे घ्यावी लागते, ती म्हणजे गोळीचे उमलणे, अर्थात जनावरावर आदळल्यावर तिचे टोक पसरणे. शिशाच्या गाभ्याची मऊ टोकाची गोळी कमी वेगातही पसरते. तांब्याची अखंड गोळी अधिक कडक असते आणि त्यांपैकी बऱ्याच गोळ्यांना नीट उमलायला आदळताना सेकंदाला ५५० ते ६०० मीटर वेग लागतो. त्याखाली ती सुईसारखी आरपार निघून जाण्याचा धोका असतो आणि जनावर मैलभर पळते. २० इंची .३०८ मधून १६५ ग्रेनची गोळी ३०० मीटरच्या आसपास या सीमेपाशी येते. शिसे वर्ज्य असलेल्या भागात शिकार करणाऱ्याने म्हणून हलकी, १५० ग्रेनची किंवा त्याहून कमी वजनाची तांब्याची गोळी घ्यावी आणि आपला कमाल पल्ला नळीच्या लांबीनुसार आखून घ्यावा. मी माझा पल्ला २०० मीटरवर थांबवला आहे आणि त्यापलीकडे उभ्या असलेल्या जनावराकडे मी केवळ पाहतो.

दुसरी किंमत आवाजाची. गोळी बाहेर पडताना नळीत उरलेला दाब आखूड नळीत अधिक असतो, म्हणून बार अधिक कर्कश होतो आणि सांजवेळी तोंडाशी ज्वाळाही ठळक दिसते. मोठ्या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या घरात असतो, तर कानाला कायमची इजा होण्याची शक्यता १४० डेसिबलच्या शिखरापासूनच धरली जाते. म्हणून कानांचे संरक्षण केल्याशिवाय, शिकारीतसुद्धा, एकही गोळी झाडू नये. जिथे परवानगी आहे तिथे सायलेन्सर लावावा, आणि आखूड नळीचा खरा फायदा इथेच कळतो. माझा सायलेन्सर नळीपुढे १८ सेंटिमीटर येतो. तो लावल्यावरही नळी आणि सायलेन्सर मिळून जुन्या मॅग्नमच्या नुसत्या नळीपेक्षा तीनच सेंटिमीटर लांब होतात. त्या २६ इंची नळीवर तो लावून मचाणात बसण्याची कल्पनाही करवत नाही. सायलेन्सर धक्काही कमी करतो. तो लावल्यावर गोळी लागण्याची जागा सरकते, तेव्हा नेम पुन्हा बांधावा लागतो, आणि एकदा बांधला की तो काढघाल करत बसू नये.

वापरातला फरक मला पहिल्याच दिवशी जाणवला. जुनी रायफल टोकापासून टोकापर्यंत ११८ सेंटिमीटर होती. ही जवळजवळ १०१ आहे. खांद्याला अडकवून झाडीतून वाकून जाताना पूर्वी नळीचे टोक डोक्यावरच्या फांद्यांत अडकायचे आणि वाळलेल्या पानांचा चुरा मानेत पडायचा. प्रत्येक वेळी थांबून, गुडघे वाकवून, नळी सोडवून घ्यावी लागे. आता तसे होत नाही. मचाणाच्या खिडकीत रायफल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायची तर पूर्वी नळी आधी आत ओढून घ्यावी लागे आणि तेवढ्या हालचालीने जनावर सावध होई. आता ती बसल्या जागी फिरते.

उणिवाही सांगायला हव्यात. पुढचा भाग हलका असल्यामुळे उभ्याने, आधाराविना नेम धरला तर ही रायफल जागेवर ठरत नाही. लांब नळीचे वजन पुढे असते आणि ते नेम स्थिर ठेवायला मदत करते. या एका बाबतीत जुनी मॅग्नम निश्चितच सरस होती. सायलेन्सरच्या वजनाने हा दोष बराच भरून निघतो, पण तो नसताना मी आता कुठेतरी टेकल्याशिवाय गोळी झाडत नाही. नळी बारीक असल्याने लवकर तापते आणि चौथ्या-पाचव्या गोळीपासून लक्ष्यावरची छिद्रे वरच्या बाजूला सरकू लागतात. शिकारीत याने बिघडत नाही. रेंजवर मात्र दर तीन गोळ्यांनंतर ती थंड होऊ द्यावी लागते.

खरी तक्रार आहे ती दस्त्याविषयी, म्हणजे नळी ज्यात बसवलेली असते आणि जो खांद्याला लावतात त्या भागाविषयी. पहिल्या महिन्यात शंभर मीटरवरचे पाच गोळ्यांचे झुपके (लक्ष्यावर छिद्रांचा पसारा) कधी तीन सेंटिमीटरचे तर कधी सात सेंटिमीटरचे यायचे आणि मला कारण समजेना. शेवटी नळी आणि दस्ता यांच्या फटीतून कागदाची पट्टी सरकवून पाहिली. रायफल मोकळी असताना पट्टी चेंबरपर्यंत सरळ जायची. दुपायावर टेकवून थोडा भार दिला की डाव्या बाजूला मधेच अडायची. प्लास्टिकचा दस्ता लवचिक असल्याने भाराखाली तो नळीला टेकत होता. कंपनीला कळवले तर हे 'सामान्य मर्यादेत' असल्याचे उत्तर आले, जे मला पटले नाही. बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दस्त्याचा आतला भाग घासून मोकळा केला आणि पुढच्या पोकळीत ताठपणासाठी भरण केले, तेव्हापासून झुपके स्थिरावले. नवी रायफल हातात आल्यावर ही कागदाची चाचणी भार देऊन करावी. दुकानात कोणी ती करून दाखवत नाही.

काडतुसांच्या बाबतीत ही नळी चोखंदळ आहे. पाच प्रकारची काडतुसे झाडून पाहिली; १६५ ग्रेनच्या एका प्रकाराने पाच गोळ्या २८ मिलिमीटरमध्ये बसवल्या, तर दुसऱ्या एका नावाजलेल्या १८० ग्रेनच्या प्रकाराने तेवढ्याच काळजीने झाडूनही ५५ मिलिमीटर घेतले. नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचे वळण, दहा इंचांत एक फेरा असा आहे, तेव्हा या वजनांना तो पुरेसा आहे. फरक नळीच्या आवडीनिवडीचा आहे आणि तो झाडून पाहिल्याविना कळत नाही.

लांबीविषयी इतर काडतुसांसाठी कोणी विचारले तर मी .३०८ ला १८ ते २२ इंच सांगतो, .२४३, ६.५ क्रीडमूर, .२७० आणि .३०-०६ यांना २२ ते २४, आणि मॅग्नम काडतुसांना २४ च्या खाली जाऊ नका असे सांगतो. सायलेन्सर कायम लावणारा माणूस यातली खालची बाजू धरू शकतो.

या चार हंगामांत बारा गोळ्या झाडल्या. अकरा जनावरे जागच्या जागी किंवा पन्नास पावलांत पडली. एक डुक्कर पडण्याआधी शे-सव्वाशे मीटर गेले. गोळी योग्य जागीच लागली होती, हे नंतर पाहिल्यावर दिसले. मधूनमधून मी अजूनही रेंजवर सोबत्याला नकली काडतूस भरायला सांगतो आणि नळीचे तोंड आता जागचे हलत नाही.

मॅग्नम मी परवान्यावर रीतसर नोंद करून एका परिचिताला दिली. तो उघड्या डोंगरउतारांवर शिकार करतो, अंगाने दणकट आहे आणि त्याला धक्क्याचे काही वाटत नाही. ती नळी २० इंचांवर कापून घ्यावी का, असे त्याने मला विचारले होते. मॅग्नममध्ये दारू अधिक आणि सावकाश जळणारी असल्याने इंचामागे सेकंदाला १० मीटरच्या आसपास वेग जातो. सहा इंच कापले तर साठेक मीटर जातील, हातात.३०-०६ हून थोडाच अधिक वेग उरेल आणि धक्का व आवाज मात्र मॅग्नमचाच राहील. हे मी त्याला कागदावर मांडून दाखवले. त्याने नळी २६ इंचच ठेवली आहे.